खांड गेली तेव्हा कॅमेरा चालू होता

साहेबांनी स्वतःचा मोबाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, हे एआयवर बनवलेलं आहे. हल्ली कोणीही बनवतं."

मोबाइलवर माझाच व्हिडिओ चालू होता. म्हणजे मधला थोडासा तुकडा माझा होता. बाकी ढोल होते, कडाडणारी वीज होती, लाल बाण होते आणि एक लाट होती. ती लाट आमच्या खाडीची नव्हती. आमच्या खाडीत लाट येत नाही, पाणी चढतं. गुपचूप चढतं. ही कुठल्यातरी परदेशी समुद्राची लाट होती, माडाहून उंच. आणि तिच्या पाठोपाठ मी शूट केलेला बांध फुटत होता.

शेजारच्या खुर्चीवर जनाकाकी बसली होती. त्या बांधाच्या आतलं पहिलं शेत तिचं. उभ्या भातात खारं पाणी शिरलं होतं आणि बांधांची देखभाल करणाऱ्या ह्याच साहेबांच्या सरकारी खात्याच्या पहिल्या अहवालात लिहिलं होतं की मासे धरण्यासाठी गावकऱ्यांनीच बांध फोडला. हे एक वाक्य कागदावर राहिलं असतं तर कुणाच्या शेताचा पंचनामा झाला नसता आणि कुणाला भरपाई मिळाली नसती. उलट गुन्हा दाखल झाला असता. ते वाक्य खोटं ठरवणारी एकच गोष्ट होती, माझा व्हिडिओ. आणि साहेब म्हणत होते की खोटा तोच आहे.

मी म्हटलं, ढोल आणि लाट माझी नाही. मूळ फाइल माझ्या कॅमेऱ्यात आहे आणि कॅमेरा ह्या पिशवीत आहे. साहेब नुसते हसले. राग आला की माझे कान तापतात. त्या ऑफिसात शिरल्यापासून ते तापलेलेच होते.

मी व्हिडिओ आर्टिस्ट आहे. रोह्यात हे सांगितलं की लोक विचारतात, लग्नाचं पॅकेज आहे का? त्यांचं काही चुकत नाही. पोट लग्नांवरच चालतं, आणि पेणच्या गणपती कारखान्यांवर. कारखानदारांना मूर्तींचे व्हिडिओ लांबच्या गिऱ्हाइकांना पाठवायचे असतात, ते मी करून देते. घर रोह्याला, काम पेणला. उरलेल्या वेळात माझं स्वतःचं काम. चित्रकार कॅनव्हासवर करतो ते मी हलत्या चित्रात करते. त्यात गोष्ट नसते, नट नसतात. अंधाऱ्या खोलीत एका भिंतीवर ते चालू असतं. लोक आत येतात, उभे राहतात, बहुतेक लगेच निघून जातात.

हे वेड कुठून आलं असं विचारतात. मला कुठल्या आर्ट स्कूलनं ते दिलेलं नाही. कॉलेजला असताना मी रोह्याहून पॅसेंजरनं पेणला जायची. तेव्हा एकच ट्रॅक होता. मेल गाडी पुढे काढायची असली की आमची गाडी मधल्या कासू स्टेशनात बाजूला टाकून ठेवत. किती वेळ, ते कोणी सांगत नसे. खिडकीच्या चौकटीत एक शेत, एक पाणंद, एक बाभूळ. सुरुवातीला चीड यायची. मग हळूहळू दिसायला लागलं की त्या चौकटीत काहीतरी सतत चाललेलं असतं. बगळा एक पाय बदलतो. सावली बांधावरून खाली उतरते. लांबून येणारा माणूस जवळ येईपर्यंत म्हातारा निघतो. कासूच्या त्या थांबण्यातून माझं सगळं काम निघालं आहे. कॅमेरा एका जागी लावायचा आणि हलवायचा नाही. आमच्या भाषेत ह्याला लॉक्ड शॉट म्हणतात.

अशा कामाला नवे महागडे कॅमेरे चालत नाहीत. ते चित्र फार सुंदर देतात, पण उन्हात तापतात आणि ऐन वेळी बंद पडतात. म्हणून मी जुना कॅमकॉर्डर वापरते. पूर्वी लग्नात खांद्यावर घेऊन फिरायचे तसला. पेणच्या एका स्टुडिओवाल्यानं धंदा बंद केला तेव्हा त्याच्याकडून घेतला. मोठी बॅटरी लावली की तासन्‌तास चालतो, तक्रार करत नाही. झूम लांबपर्यंत जातो. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माइकवर जुन्या टेडी बेअरचं कातडं शिवलं आहे. खाडीच्या चिखलात ट्रायपॉड रुततो, म्हणून पायांखाली करवंट्या उपड्या घालते. दोष एकच. कॅमेऱ्याच्या आतली घड्याळाची छोटी बॅटरी मेलेली आहे. मोठी बॅटरी बदलली की तारीख मागे जाते, कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या एक जानेवारीला. ती दुरुस्त करायचं मला कधी सुचलं नाही. भरतीच्या चित्राला तारखेचं काय काम?

खारेपाटातल्या, म्हणजे पेणजवळच्या खाडीकाठच्या पट्ट्यातल्या, त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथे मी वर्षभर जात होते. चौकट एकच, मधोमध बांध. डावीकडे खाडी, उजवीकडे भातशेती. उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, डावीकडचं पाणी उजवीकडच्या जमिनीपेक्षा वर असतं. मधे फक्त तो मातीचा बांध. मला तेच दाखवायचं होतं. जनाकाकीची ओळख तिथलीच. पहिल्यांदा तिला वाटलं मी जमीन मोजायला आले. मग मी मोजत काहीच नाही, नुसती बसून राहते, हे बघून तिला माझी काळजी वाटायला लागली. ती चहा आणून द्यायची आणि विचारायची, "घरी सगळं बरं हाय ना गो?"

उन्हाळ्यात त्या बांधाच्या एका तुकड्याचं काम झालं. पूर्वी गावकरी खाडीच्या चिखलाचे गोळे एकावर एक थापून बांध घालायचे. तो चिखल सुकला की दगडासारखा होतो. ठेकेदारानं पोकलेन आणला आणि लाल मुरूम ओतून वरून दाबला. काळ्या बांधात लाल ठिगळ. माझ्या चौकटीत ते नेमकं मधे आलं. मला रंग आवडला, हे खरं सांगते. जनाकाकीला आवडला नव्हता. ती म्हणाली होती की मुरूम चिखलाला धरत नाय, पण ठेकेदाराला हे गावातल्या सगळ्यांनीच सांगून झालं होतं.

पावसाळ्यातल्या एका अमावस्येला मी सकाळी जाऊन कॅमेरा लावला. पाऊस भुरभुरत होता. दुपारी उधाण भरायचं होतं. पाणी चढत होतं, भात पोटरीवर, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या बेतात आलेलं, वारा बेताचा. मधेच एक मोटरसायकल बांधावरून आली. रेनकोट घातलेले दोघं उतरले, लाल ठिगळावर उभे राहिले, खाली वाकून काहीतरी बघितलं. एकानं फोन लावला. मग दोघं बसले आणि गेले. मी लांब होते. मला वाटलं, ठेकेदाराची माणसं. माझ्या चित्रात माणसं आली म्हणून जराशी चिडलेही.

ते गेल्यावर काही वेळानं जनाकाकी चहा घेऊन आली आणि चहा हातात तसाच धरून उभी राहिली. ठिगळाच्या पायथ्याशी, शेताच्या बाजूला, पाणी निघत होतं. लाल पाणी. मग ठिगळाचा वरचा काठ खाली बसला. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. एखादी गोण कलंडावी तसा मुरूम आत सरकला आणि खाडी शेतात शिरली. ह्यालाच इथे खांड जाणं म्हणतात.

आम्ही दोघी गावाकडे धावलो. कॅमेरा तिथेच राहिला. माणसं गोणी, बांबू, पेंढा जे मिळेल ते घेऊन आली. पण अर्ध्या उधाणाला गेलेली खांड माणसांनी बुजत नाही. ओहोटी लागेपर्यंत बघत उभं राहायचं, एवढंच हातात असतं. जनाकाकी स्वतःच्या शेतात गुडघाभर पाण्यात उभी होती. रडत नव्हती. भाताचे शेंडे हातानं सरळ करत होती. मी परत आले तेव्हा कॅमेरा चालूच होता. मी तो बंद केला.

गावातला नरेश एक बातम्यांचं पेज चालवतो. पेणला एसटी स्टँडजवळ त्याचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. त्यानं व्हिडिओ मागितला. साहेब लोकांनी बघायला हवा, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. मी खांड जातानाचा तुकडा काढून त्याला पाठवला. दुसऱ्या दिवशी तो सगळीकडे फिरत होता. ढोल, वीज आणि लाटेसकट.

मी त्याच्या दुकानात गेले तेव्हा तो खूश होता. केवढ्या लोकांनी बघितला ते दाखवायला लागला. मी त्याला ती लाट कुठून आणली विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. कुठूनतरी डाउनलोड केली होती.

"ताई, नुसता टाकला असता तर कोणी बघितला नसता," तो म्हणाला. "निम्मा वेळ त्यात कायच होत नाय."

मी त्याला नको ते बोलले. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी बोलले. तो लबाड असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याच्याच चुलत्याचं शेत पाण्यात गेलं होतं, आणि त्याला मनापासून वाटत होतं की त्यानं गावासाठी केलं. त्यानं माझ्यासमोर पोस्ट काढून टाकली. तोपर्यंत ती त्याच्या हातात राहिली नव्हती. खात्याच्या साहेबांपर्यंत पोचली ती तीच.

म्हणून मी त्या ऑफिसात बसले होते. सोबत जनाकाकी आणि गावातले चौघे, ते बाहेर बाकावर.

मी कॅमेरा काढला, त्याची छोटी स्क्रीन उघडली आणि मूळ फाइल साहेबांना दाखवली. साहेब हुशार होते. त्यांनी चित्राकडे बघितलंच नाही, फाइलची माहिती उघडायला सांगितली. प्रत्येक फाइलसोबत कॅमेरा एक टिपण ठेवतो, कधी काढली, कशावर काढली. त्यात जुन्या वर्षाची एक जानेवारी होती.

"मॅडम, ह्या तारखेला तर त्या कामाचं टेंडरही निघालं नव्हतं."

मी घड्याळाच्या बॅटरीचं सांगितलं. सांगता सांगता मलाच ऐकू येत होतं की हे किती खोटं वाटतंय. साहेबांच्या उजव्या बाजूला एक तरुण कनिष्ठ अभियंता फाइल घेऊन उभा होता. ऑफिसात त्याला सगळे जेई म्हणत. तो पूर्ण वेळ फाइलकडेच बघत होता. साहेब त्याला म्हणाले, घ्या पेन ड्राइव्हवर, बघू नंतर. म्हणजे कधीच नाही.

मग जनाकाकी बोलली. "साहेब, आमी कशाला फोडू आमचाच बांध? आत भात उभा व्हता."

साहेब तिच्याशी बोलले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले की ह्या लोकांचं तुम्हाला माहीत नाही, खारं पाणी आत घेतलं की कोळंबी मिळते, भातापेक्षा जास्त पैसे सुटतात. जनाकाकी समोर बसलेली असताना ते हे मला सांगत होते. जणू ती खुर्ची रिकामी होती.

तेव्हा मी उठले. आवाज चढला नाही, ह्याचं मला आजही नवल वाटतं. मी म्हटलं, "ठीक आहे. हा व्हिडिओ एआयवर बनवलेला आहे, एवढं मला लेखी द्या. सही-शिक्क्यासकट. मी जाते."

सरकारी ऑफिसात ओरडण्याचा उपयोग होत नाही. लेखी द्या म्हटलं की खोलीतली हवा बदलते. साहेब म्हणाले, लेखी कशाला, आपण बोलतोय ना. मी म्हटलं, मग बघा. पूर्ण बघा. तुकडा नाही.

त्यांच्या मीटिंग हॉलमध्ये व्हीसीसाठी, म्हणजे वरच्या साहेबांशी बोलायला, मोठा टीव्ही होता. मी कॅमेऱ्याची वायर त्याला जोडली. बाहेरचे चौघे आत आले. जेईही आला, साहेबांनी बोलावलं म्हणून.

आणि टीव्हीवर काहीच होईना.

माझं काम लोकांसमोर मी अनेकदा दाखवलं आहे, पण असे प्रेक्षक मला कधी मिळाले नव्हते. कोणाला उठता येत नव्हतं. बांध, पाणी, भात, भुरभूर. साहेबांनी मोबाइल काढला. शिपाई चहा ठेवून गेला. साहेब म्हणाले पुढे घ्या, मी नाही म्हटलं. पुढे घेतलं की तुम्ही म्हणाल जोडलंय. गावकरी मात्र टक लावून बघत होते. त्यांच्या उभ्या भाताचं ते शेवटचं चित्र होतं. एकजण हळूच म्हणाला की पीक चांगलं होतं ह्या वर्षी.

मग मोटरसायकल आली. छोट्या स्क्रीनवर मला ते दोघं ठिपक्याएवढे दिसले होते. भिंतीएवढ्या टीव्हीवर ते नीट दिसले. मागे बसलेल्यानं पिवळं हेल्मेट घातलं होतं, कंपनीत साइटवर घालतात तसलं. तो उतरला, लाल ठिगळावर गेला, पायथ्याशी वाकला, त्यानं हात लावून माती बघितली. हात झटकला आणि फोन कानाला लावला.

जनाकाकीनं मान वळवून जेईकडे बघितलं. "ह्यो तूच ना रे बाबा? मगाशी बाहेर तू गाडी लावलीस, तिला तीच टोपी हाय."

साहेबांनी मोबाइल खाली ठेवला होता. त्यांनी जेईला विचारलं, तुम्ही साइटवर कधी गेला होतात. त्यांच्या आवाजावरून वाटत होतं की हा प्रश्न विचारायची त्यांना अजिबात इच्छा नव्हती.

"त्याच दिवशी, सर," जेई म्हणाला. "खांड जायच्या आधी. पाझर होता. मी तुम्हाला फोन केला होता."

टीव्हीवर दोघं मोटरसायकलवर बसून निघून गेले. बांधावर आता कोणीच नव्हतं. पाणी चढत होतं. साहेब म्हणाले बंद करा, कळलं. मी बंद केलं नाही. त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांनी ते पूर्ण बघितलं, लाल पाणी, खाली बसणारा काठ, आत शिरणारी खाडी. हातात कुदळ घेतलेला एकही माणूस त्या चौकटीत आला नाही. मग गोणी घेऊन धावणारी माणसं आली. मग गुडघाभर पाण्यात उभी असलेली जनाकाकी. शेजारी बसलेल्या जनाकाकीनं पदर तोंडाला लावला आणि ती बघत राहिली.

तारखेबद्दल त्यानंतर कोणी विचारलं नाही.

पुढचं थोडक्यात. गावकऱ्यांनी बांध फोडला, हे वाक्य अहवालातून गेलं. पंचनामे झाले. जनाकाकीच्या नावावर भरपाई आली. पण खारं पाणी एकदा बसलं की जमीन गोडी व्हायला काही पावसाळे जावे लागतात. तोवर ती पेणच्या एका कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारायला जाते. मी तिथे शूटिंगला गेले की मला चहा आणून देते.

नव्या अहवालात कारण काय लिहिलं, तेही मी माहिती अधिकारात मागवून वाचलं. "उधाणाच्या भरतीमुळे बांधास नैसर्गिकरीत्या खांड." लाल मुरुमाचं नाव नाही. पाझराचं नाव नाही. फोनचं तर नाहीच. जेईची बदली झाली. त्यानं खरं सांगितलं म्हणून, की आधी गप्प बसला म्हणून, ते मला माहीत नाही. त्या खोलीत तो खोटं बोलू शकला असता आणि बोलला नाही, एवढं मी त्याच्या खात्यावर ठेवते. ठिगळावर उभा राहून, ओली माती हातात घेऊन, गावात एक हाक न मारता तो निघून गेला, हेही ठेवते.

मधे मुंबईच्या एका गॅलरीतून फोन आला. त्यांनी ह्या सगळ्याबद्दल ऐकलं होतं. काम दाखवायची इच्छा होती. फक्त सुरुवातीचा भाग फार लांबतो, म्हणाले, नेमका फुटतानाचा क्षण लूपवर ठेवू, म्हणजे परत परत चालू राहील. सोबत थोडं साउंड डिझाइन. मी विचारलं, ढोल का? त्यांना कळलं नाही. नरेशनं निदान ते फुकट केलं होतं आणि चुलत्यासाठी केलं होतं. मी म्हटलं, पूर्ण दाखवणार असाल तर घ्या. त्यांनी घेतलं नाही.

राग गेला का असं नवऱ्यानं परवा विचारलं. नाही गेला. जाऊ देण्याचा विचारही नाही. रागानं माझं एक चांगलं केलं, त्यानं मला त्या खुर्चीवरून उठवलं.

धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते, मूळ फाइल हातची सोडू नका, आणि कंटाळवाणा भाग कापू नका, कारण पुढे साक्ष तोच देतो. नरेश माझ्याकडे एडिटिंग शिकायला येतो. साहेब, असं कळतं, आता साइटवरचे फोन उचलतात. थोडंफार सगळेच शिकले. ठेकेदाराला मात्र काही शिकायची गरज पडली नाही. दिवाळीनंतर त्या खांडीचं काम निघालं आणि ते त्यालाच मिळालं.